आवळलेली केबल म्हणजे पक्की केबल?

पुण्यातल्या कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये सीसीटीव्ही आणि वायफायचा छोटा रॅक जिन्याखाली किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर टांगलेला असतो. काम संपलं की वीत-वीतभर अंतरावर प्लॅस्टिकचे टाय घालून पक्कडीने कचकन ओढले जातात आणि कमिटीला सांगितलं जातं, “एकदम टाइट केलंय, हलणार नाही.” कमिटीही खूश होते. हा समज इतका पसरला आहे, की तो एकदा नीट खोडायलाच हवा. डेटा केबल आवळल्याने पक्की होत नाही, बिघडते.

कॅट-६ केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो. पिळाच्या या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडचं यंत्र फक्त दोन तारांमधला फरक वाचतं, म्हणून तो गोंगाट वजा होतो. पण त्यासाठी तारांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहावं लागतं. टाय रुतला की ते बदलतं. सिग्नलचा काही भाग मागे परततो, काही शेजारच्या जोडीत शिरतो. मग कॅमेऱ्याचं चित्र मध्येच अडखळतं आणि लोक कॅमेरा बदलत बसतात!

“पण टेस्टरचे आठही दिवे लागले ना?” लागणारच. तो स्वस्तातला टेस्टर तार अखंड आहे का आणि क्रम बरोबर आहे का, एवढंच सांगतो. कॅट-६ची क्षमता २५० मेगाहर्ट्झपर्यंत तपासायची असते आणि त्यासाठी सर्टिफायर नावाचं वेगळं यंत्र लागतं.

टाय बांधल्यावर बोटांनी जुडीवर सहज सरकला, तर बांधणी योग्य. त्याहून वेल्क्रोची पट्टी बरी. केबल वाढवताना काही कापावं लागत नाही. वळणाचाही नियम आहे. केबलिंगच्या टीआयए-५६८ या मानकानुसार वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या किमान चौपट हवी. म्हणजे ६ मिलिमीटरच्या केबलला २४ मिलिमीटर. रॅकच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडून दाबलेली केबल या नियमात कुठेच बसत नाही.

“नेटच्या केबलमधून कसली वीज जाते?” असंही विचारतात. जाते, आणि आता बरीच जाते. नेटच्या केबलमधूनच वीज पुरवण्याच्या, म्हणजे पीओईच्या, २००३च्या मानकात स्विचचं एक पोर्ट १५.४ वॅट देत होतं. २०१८च्या मानकात ते ९० वॅटपर्यंत पोहोचलं. जाडजूड जुडीच्या मधल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणूनच टीआयएच्या मार्गदर्शनात एका जुडीत जास्तीत जास्त २४ केबलची शिफारस आहे. तापमान वाढलं की सिग्नलही जास्त क्षीण होतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो, तेव्हा पंख्याविना बंद रॅकमध्ये काय होत असेल, याचा विचार कमिटीने जरूर करावा.

बाकीचे समज थोडक्यात. उरलेली केबल गुंडाळून ठेवली की तिचं चुंबक होतं, हे खरं नाही. जाणारा आणि येणारा प्रवाह एकाच केबलमध्ये असल्याने परिणाम एकमेकांना रद्द करतात. वेटोळं हवा मात्र अडवतं. फायबरमध्ये वीज नसते, म्हणून तो कसाही दुमडावा असंही नाही; फार कमी त्रिज्येच्या वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल “तीच, फक्त स्वस्त” नसते. तिचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि टीआयएच्या मानकात ती बसत नाही.

विजेची वायर आणि डेटा केबल एका जुडीत बांधू नये, कारण त्याने नेट मंदावतं, असं सगळे सांगतात. खरं कारण त्याहून गंभीर आहे. उंदराने कुरतडून किंवा टायच्या कडेने घासून वायरचं आवरण गेलं, तर २३० व्होल्ट नेटच्या केबलवर येऊ शकतात आणि तिथून स्टुलावर उभं राहून कॅमेरा पुसणाऱ्याच्या हातात. दोन्ही वायरी रॅकच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्याव्यात, एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. रॅकला अर्थिंग हवंच, आणि दाराला त्याची वेगळी वायर हवी, कारण बिजागरीवरच्या रंगातून वीज खात्रीने वाहत नाही.