नाताळचं झाड गेल्यावर
मैत्रिणींनो, गणपती गेल्यावर रिकामं मखर पाहून मनाला कशी हुरहुर लागते, ते तुम्हांला सांगायला नकोच. स्वीडनमधल्या गृहिणीवर ही वेळ १३ जानेवारीला येते. नाताळानंतरच्या या विसाव्या दिवशी मुलं झाडावरचा खाऊ फस्त करतात आणि झाड घराबाहेर जातं. खिडकीतले नाताळचे दिवेही उतरतात. थंडीचं म्हणाल तर घरं तापवलेली असतात. खरा जाच अंधाराचा. स्टॉकहोमला तेव्हा दुपारी साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो! आपला दुपारचा चहासुद्धा झालेला नसतो हो.

मग झाडाची जागा ओकीबोकी कशाला ठेवायची? तिथे खुर्ची सरकवावी, वाचायचा कोपरा होतो. छताला एकच भगभगीत दिवा नको. पिवळसर उजेडाचे दोन-तीन छोटे दिवे खाली, बसल्या जागेजवळ हवेत. त्यातला एक खिडकीत, म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्यालाही बरं वाटतं. टेबलावर ट्यूलिपची जुडी. पायाखाली जुन्या कपड्यांच्या चिंध्या मागावर विणून केलेली सतरंजी, आपल्या गोधडीची मावसबहीणच म्हणा ना! मेणबत्त्या लावल्यात तर पडद्यापासून लांब ठेवा, आणि झोपण्यापूर्वी आठवणीनं विझवा.