माल पुरात अडकला तर भरपाई कोण देणार? सांगली-साताऱ्याच्या दुकानदारांनी बिल्टी करताना काय पाहावे

गणपती-दसऱ्याचा माल भरण्याची वेळ आणि कृष्णा-कोयनेच्या पुराचे दिवस जवळपास एकच. स्वतःची गाडी नसलेला दुकानदार ट्रान्सपोर्ट किंवा कुरिअरवर अवलंबून असतो. काम दुसऱ्याकडे दिले म्हणून जोखीमही त्याच्याकडे गेली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे नाही.

आजवर काय घडले?
ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोका पातळी ४५ फूट आहे. शहरातील बाजारपेठेत पाणी शिरले. त्याच वेळी कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बंगळूरु महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. म्हणजे दुकान कोरडे राहिले तरी माल वेळेत येईलच असे नाही.

कायदा काय सांगतो?
रस्तामार्गे मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम आहेत. घरपोच माल पोहोचवणारे कुरिअरही त्यात येतात.

• माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाला सिद्ध करावा लागत नाही.
• मात्र जादा जोखीम दर देण्याचे लेखी ठरले नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपुरतीच मिळते. समजा, माल २ लाखांचा आणि भाडे ३ हजार रुपये असेल, तर कमाल भरपाई ३० हजार.
• नैसर्गिक आपत्तीत वाहतूकदाराची जबाबदारी राहत नाही. पुराचे कारण येथेच पुढे केले जाते.
• दावा लावण्यापूर्वी, बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते.

विमा घेताना काय विचारावे?
वाहतूक विम्यात पूर धरला आहे का, हे आधी विचारा. उशिरामुळे नासलेला माल सहसा विम्यात बसत नाही. नष्ट झालेल्या मालावरचे जीएसटीचे इनपुट क्रेडिटही परत करावे लागते. विम्याची रक्कम ठरवताना तेही धरा.

दुकानदाराने काय करावे?
१. बिल्टी करताना मालाची खरी किंमत लिहा.
२. सणाचा सगळा माल एकाच गाडीत, एकाच ट्रान्सपोर्टकडे देऊ नका.
३. माल उतरवताना खोकी ओली किंवा फुटलेली दिसली, तर फोटो काढा आणि पोचपावतीवर शेरा लिहूनच सही करा.
४. गाडी अडकली तर ई-वे बिलाची मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर आठ तासांत वाढवून घेण्यास ट्रान्सपोर्टला सांगा.
५. कोयनेच्या विसर्गावर लक्ष ठेवा. हे पाणी कराडला कृष्णेत मिसळून सांगलीकडे येते. विसर्ग वाढल्याची बातमी आली, की नवे बुकिंग थांबवा आणि तळमजल्यावरचा माल वर हलवा.