घरी गाळलेली दारू : हौस, रसायन आणि कायदा

भीमेच्या काठचा पंढरपूर तालुका वारकऱ्यांना ठाऊक आहे तो चंद्रभागेच्या वाळवंटामुळे आणि विठ्ठलाच्या राउळामुळे. शेतीच्या नकाशावर त्याची ओळख निराळी आहे. गुरसाळे येथील श्री विठ्ठल सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ऊस, कासेगावच्या बाजूचे द्राक्षमळे व त्यांतून निघणारा बेदाणा, शेजारच्या सांगोला तालुक्यातील डाळिंब, असा हा गोड पिकांचा पट्टा आहे. साखर जेथे विपुल तेथे ती आंबविण्याची सोयही निसर्गाने जवळच करून ठेवलेली असते. द्राक्षाच्या सालीवर, उसाच्या कांड्यावर यीस्ट नावाचे एकपेशीय कवक वास करून असते. ओलावा आणि ऊब मिळताच ते साखरेवर जगू लागते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करते. पहाटे उतरविलेली गोड नीरा ऊन चढू लागताच फेसाळते, ती याच कारणाने.

मद्य तयार होण्यास मनुष्याची फारशी मदत लागत नाही, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. तसे केले म्हणजे घरी मद्य करणाराकडे केवळ गुन्हेगार म्हणून न पाहता त्याची समजूत कोठे चुकते हे पाहता येते. हातभट्टीचा धंदा जुना आहे व त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अलीकडे त्याच्या शेजारी एक दुसरा प्रकार दिसू लागला आहे. त्यातील माणूस विकत नाही, लपूनछपून गिऱ्हाईक शोधत नाही. घरच्या द्राक्षांचा रस बरणीत भरून ठेवतो, किंवा स्वयंपाकघरातील कुकरला नळी जोडून पाहतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मद्याची दुकाने मे महिन्याच्या आरंभापर्यंत बंद राहिली, त्या काळात या हौसेला जगभर उधाण आले. दक्षिण आफ्रिकेत मद्यविक्रीवर बंदी येताच अननसाच्या सालींपासून घरोघरी मद्य होऊ लागले. ही हौस बाळगणाऱ्यांत शिकलेली माणसेही असतात. घरापुरते केले तर कोणाची हरकत असणार, आणि आपल्या हातचे म्हणजे ते शुद्धच असणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

या समजुतीतील दोष कळण्यासाठी आंबविणे आणि गाळणे यांतील फरक ध्यानी घेणे अवश्य आहे. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची आंबील पिढ्यान् पिढ्या होत आली; तीत मुख्यत्वे आंबट करणारे जिवाणू काम करतात, म्हणून तिने नशा येत नाही. आयुर्वेदातील द्राक्षासवात मात्र आंबण्याच्या क्रियेतूनच आपोआप मद्यार्क उत्पन्न होतो. साध्या आंबविण्याला निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे. मद्यार्काचे प्रमाण साधारण चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत पोचले की यीस्ट स्वतःच निर्मिलेल्या मद्यात मरते. या अवस्थेतील धोकेही अगदीच नगण्य नाहीत. कर्बवायूला वाट न ठेवता घट्ट बूच लावलेली काचेची बाटली फुटून इजा होऊ शकते, अस्वच्छ भांड्यात रस नासतो. परंतु त्याहून तीव्र मद्य हवे असेल तर आंबलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड करून घ्यावी लागते. यालाच शास्त्रात ऊर्ध्वपातन व बोलीत गाळणे म्हणतात. पोलिसांच्या पंचनाम्यात ज्याला ‘गूळमिश्रित रसायन’ म्हटलेले असते तो हा गाळण्यापूर्वीचा आंबलेला द्रव होय.

खरा धोका येथून सुरू होतो. मद्यार्काची वाफ ज्वालाग्राही असते. बंद खोलीत, उघड्या शेगडीवर तिचा भडका उडण्यास एक गळती पुरते. वाफ थंड करण्यासाठी शिशाचे डाक दिलेली नळी किंवा जुन्या मोटारीचा रेडिएटर वापरला, तर शिसे थेंबाथेंबाने पेल्यात उतरते. शिशाचा परिणाम एका रात्रीत दिसत नाही, म्हणून त्याची कोणी दखल घेत नाही. हातभट्टीवाले आंबण्यास गती यावी म्हणून नवसागर घालतात. घरचा हौशी गृहस्थ तो घालणार नाही, हे खरे; परंतु नळीच्या धातूचा विचार त्याच्याही मनात क्वचितच येतो.

मराठीत ‘पहिल्या धारेची’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. कडक, अस्सल, निर्भेळ अशा अर्थाने तो दारूविषयीच नव्हे तर बोलण्याविषयी आणि लेखनाविषयीही वापरला जातो. भट्टीतून प्रथम पडणारी धार सर्वांत तीव्र असते, यावरून तो आला. रसायनाच्या दृष्टीने पाहता या धारेची थोरवी शंकास्पद आहे. पिण्याच्या मद्यातील इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याहून कमी तापमानाला उडणारे ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट असे पदार्थ आरंभीच्या धारेत एकवटतात. परवानाधारक कारखान्यांत हा आरंभीचा भाग निराळा काढला जातो. गावच्या अड्ड्यावर तोच मानाचा समजून प्रथम पेल्यात पडतो. भाषेने ज्याला अस्सल ठरविले ते जाणकार आसवक बाजूला काढतो, असा हा विरोधाभास आहे.

येथे दुसऱ्या बाजूने होणारी अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. पहिली धार ओतून टाकली की विष संपले, असे काही हौशी मंडळी सांगतात. मिथेनॉल हे विष सुमारे ६५ अंशांना उकळत असले तरी पाणी व इथेनॉल यांच्या मिश्रणातून ते केवळ आरंभीच बाहेर पडत नाही, थोडेथोडे अखेरपर्यंत उतरत राहते. उलटपक्षी, घरी आंबविलेल्या गुळाच्या द्रवात मुळात मिथेनॉल फारच अल्प असते. ते प्रामुख्याने फळांच्या साली व गर यांतील पेक्टिनपासून होते, आणि तेही सामान्यतः थोड्या प्रमाणात. मग दारूकांडांत माणसे मरतात ती कशाने? डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीला ऐंशीहून अधिक, जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक आणि जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. मालवणी आणि बोटाद येथील तपासांत उद्योगधंद्यांसाठीचे मिथेनॉल पिण्याच्या व्यवहारात शिरल्याचे निष्पन्न झाले. भट्टी लावण्याचे श्रम वाचविण्यासाठी पिंपातील स्वस्त रसायनात पाणी मिसळले जाते. शुद्ध मिथेनॉलचे दहा मिलिलिटर दृष्टी घालविण्यास आणि तीस मिलिलिटर प्राण घेण्यास पुरेसे ठरू शकतात. गावात लोकांना समजावताना हा भेद सांगणे हिताचे आहे. ‘घरची दारू प्याल तर आंधळे व्हाल’ असे सरसकट सांगितले आणि ऐकणाऱ्याने दहा वेळा पिऊनही त्याला काही झाले नाही, तर अकराव्या वेळी तो खऱ्या धोक्याची सूचनाही मानत नाही.

काडी लावून पाहण्याची चाचणीही अशीच फसवी आहे. द्रव पेटला तर तो चांगला, असे मानले जाते. पेटण्यावरून एवढेच कळते की त्यात ज्वालाग्राही द्रवाचे प्रमाण जास्त आहे. मिथेनॉलही उत्तम पेटते आणि त्याची फिकी निळी ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. वास, चव वा रंग यांवरून मिथेनॉल ओळखण्याची कोणतीही घरगुती युक्ती विश्वासार्ह नाही. ते प्रयोगशाळेचे काम आहे.

आता कायद्याविषयी. आपल्या राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने, लागू आहे. त्याच्या नावात दारूबंदी असली तरी आज तो प्रत्यक्षात परवान्यांचा कायदा झाला आहे. जे परवान्याने चालते ते वैध, उरलेले सर्व निषिद्ध. कलम १२ अन्वये मद्य तयार करणे व आसवनी चालविणे यांस मनाई आहे, आणि त्या मनाईत ‘विक्रीसाठी’ अशी अट घातलेली नाही. कलम ६५ नुसार विनापरवाना मद्य करणे जसा गुन्हा आहे, तसाच त्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. शिक्षा तुरुंगवास व दंड यांची आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या द्राक्षांपासून, स्वतःपुरते केलेले मद्य या व्याख्येतून सुटत नाही. मद्य पिण्याचा वैयक्तिक परवाना असला तरी तो प्राशनाचा असतो, निर्मितीचा नव्हे. द्राक्ष बागायतदारास वाइन करावयाचीच असेल तर राज्याच्या २००१ च्या धोरणाने वायनरीचा मार्ग खुला केला आहे. तो अर्थातच उद्योगाचा मार्ग आहे, हौसेचा नाही.

अन्य देशांनी ही रेषा कोठे ओढली हे पाहणे उद्बोधक ठरेल. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी १८८० पासून लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर करण्यास संघराज्य पातळीवर मोकळीक दिली, मात्र घरी गाळण्यास दिली नाही. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरते गाळण्यासही संमती दिली, पण असे देश विरळा. बहुतेकांनी आंबविण्याकडे सौम्य व गाळण्याकडे कठोर दृष्टीने पाहिले, आणि त्यामागे महसुलाइतकेच वर सांगितलेले आगीचे व विषाचे कारण आहे. महाराष्ट्राचा कायदा दोहोंत असा भेद करीत नाही. शेजारच्या गोव्यात काजूच्या बोंडांचा रस गावोगाव गाळला जातो. पहिल्या गाळपाची ती हुर्राक आणि पुन्हा गाळलेली ती फेणी. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तेथील भट्ट्याही अबकारी खात्याच्या परवान्याखालीच पेटतात, ही गोष्ट फेणीचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

आपल्याकडे या कायद्याचा इतिहास निर्मळ नाही, हेही नमूद केले पाहिजे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने व ठाणे-कुलाबा भागातील १८९२ च्या मोह कायद्याने इंग्रज सरकारने मोहाच्या फुलांवरही नियंत्रण आणले, त्यात आदिवासींच्या आरोग्यापेक्षा तिजोरीची काळजी अधिक होती. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. त्या काळात हातभट्टी कमी न होता गल्लोगल्ली फोफावली. केवळ बंदीने काय साधते व काय साधत नाही, याचा हा पुरावा म्हणावा लागेल.

आषाढी व कार्तिकी यात्रेच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने पंढरपूर परिसरातील परवानाधारक दुकाने बंद ठेवली जातात. तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला मद्य वर्ज्यच असते. पण यात्रेत हमाल, वाहनचालक, फिरते विक्रेते असे पुष्कळजण असतात, आणि दुकान बंद झाल्याने सर्वांची तलफ बंद होत नाही. परवानाधारक माल मिळेनासा झाला की अज्ञात ठिकाणचा माल येण्यास वाव मिळतो. या दिवसांत ग्रामपंचायतींनी अधिक सावध राहणे म्हणूनच गरजेचे आहे.

ग्रामपंचायतीच्या हाती साधने आहेत. महिलांच्या मतदानाने ‘बाटली आडवी’ करण्याची तरतूद परवानाधारक दुकानापुरती आहे. विनापरवाना भट्टीला मतदानाची गरजच नाही, कारण ती मुळातच बेकायदा आहे. अवैध दारूसाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दल स्थापण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. दलाचे काम खबर देण्याचे आहे, धाड घालण्याचे नव्हे. भट्टी फोडणे, माल ओतणे या गोष्टी उत्साहाने स्वतःच केल्यास पुरावा नष्ट होतो आणि खटला टिकत नाही. गावपातळीवरील शासकीय सेवकांवर तर अशा गुन्ह्याची वर्दी देण्याचे बंधन अधिनियमानेच घातले आहे.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत छाप्यांबरोबर समुपदेशन आणि पर्यायी रोजगार यांवर भर देण्यात आला. महिलांना शिवणकामासारखी कामे मिळवून देण्यात आली. भट्टी हे ज्याचे पोट आहे त्याला दुसरे काम लागते. हौशी माणसाला दुसरे काम असतेच; त्याला हवी असते ती माहिती, आणि ती शाळेतही देता येईल. आंबण्याची क्रिया विज्ञानाच्या पाठ्यक्रमात आहेच. फुग्यात कर्बवायू भरवून दाखविणारा शिक्षक त्याच तासाला ऊर्ध्वपातनाचे तापमान आणि मिथेनॉलचा परिणाम सहज सांगू शकेल.

विषारी दारूची शंका आल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मिथेनॉलची लक्षणे लगेच दिसत नाहीत. बारा ते चोवीस तास, दारूबरोबर प्याले असल्यास त्याहूनही उशिराने, उलटी, पोटदुखी, धाप आणि दृष्टी धूसर होणे सुरू होते. नशा उतरत नाही असे समजून रुग्णाला झोपवून ठेवल्याने अनेकांचे प्राण गेले आहेत. त्याला विनाविलंब उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. उतारा म्हणून आणखी दारू पाजू नये. इथेनॉल किंवा फोमेपिझोल यांचे उपचार डॉक्टरच ठरवतात. आणि पोलिसांच्या भीतीने बाटली फेकून न देता उरलेला द्रव रुग्णाबरोबर न्यावा, तसेच त्याच ठिकाणी आणखी कोण कोण प्याले त्यांची नावे डॉक्टरांना सांगावीत, कारण त्यांना अद्याप काहीच त्रास जाणवत नसण्याचा संभव असतो.