भुकेनं शिकवलेली भक्ती

मंडळी, १९७२ चा दुष्काळ आपल्या मराठवाड्यात अजून विसरला नाही. खडी फोडून पोट भरलेली माणसं घराघरात आहेत. आता पंडिता रमाबाईंचं बघा. पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं घर. दुष्काळात आई-वडील उपासमारीनं गेले. १८८३ साली रमाबाईंनी ख्रिस्ताचा बाप्तिस्मा घेतला. पुढं १८९६ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तशी आपली जुनी भूक त्यांना आठवली. त्या तिथं गेल्या. शेकडो उपाशी पोरी, विधवा आणल्या, केडगावला आसरा दिला. विणकाम, छपाई, शेती शिकवली. बोध एवढाच, की भोगलेलं दुःख दुसऱ्याच्या दारात ओळखता आलं पाहिजे. आज घरी जाताना शेजारची चूल पेटली का, तेवढं बघा.