दहा शहरं, दहा कोटी जाळी

दहा शहरं जोडायला 9 तारा पुरतात. पण त्यांच्या मांडण्या होतात 10 कोटी! 20 शहरांसाठी हा आकडा 24 अंकी होतो. फक्त खर्च वाचवायचा, तर ओटाकर बोरूव्का यांची 1926 मधली रीत बिनचूक उत्तर देते. ती मोराव्हियाच्या वीजजाळ्यासाठी सुचली होती. प्रत्येक तारेला क्षमतेची मर्यादा घातली, की मोठ्या जाळ्यांत बिनचूक उत्तर आवाक्याबाहेर जातं. तिथे अनुमानी शोध कामी येतो. 1983 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी मांडलेलं ‘सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग’ मला त्यात सर्वांत देखणं वाटतं: सुरुवातीला महागडा बदलही अधूनमधून स्वीकारायचा, पुढे ही मुभा आटवत न्यायची. त्यामुळे शोध पहिल्याच बऱ्या आराखड्यावर अडकत नाही. सर्वोत्तम उत्तराची हमी मात्र व्यवहारात मिळत नाही.