कचऱ्यावर हक्क कुणाचा

पुण्यात सकाळी सातच्या सुमाराला सोसायटीच्या फाटकातून ढकलगाडी आत येते. गाडीत ओल्या-सुक्याच्या बादल्या, दांड्याला अडकवलेली पोती आणि बरोबर बहुतेक वेळा दोघीजणी. एक जण मजले चढून दारोदारचे डबे रिकामे करत येते, दुसरी खाली जिन्याशेजारी बसून सुकं निवडायला घेते. पुणेकरांच्या हे इतकं अंगवळणी पडलं आहे की या बायका नेमक्या कुणाच्या, असं सहसा कुणी विचारत नाही. महापालिकेच्या असतील, नाहीतर ठेकेदाराच्या, असं धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात त्या कुणाच्याच नोकर नाहीत. ‘स्वच्छ’ नावाच्या सहकारी संस्थेच्या त्या सभासद आहेत आणि ती संस्था त्यांच्याच मालकीची आहे. साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक या संस्थेत आहेत, संचालक मंडळात बहुमत त्यांचंच असतं आणि शहराच्या मोठ्या भागातला कचरा घराच्या दारातून तेच उचलतात.

महाराष्ट्राला सहकार काही नवा नाही. पण आपल्या सहकाराचा सभासद कोण असतो ते एकदा नीट पाहावं. साखर कारखान्याचा सभासद उसाचा मालक असतो; तोच ऊस कोयत्याने तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरून देणारी बीडची जोडी सभासद नसते. दूध संघात यायला गोठ्यात जनावर लागतं, पतपेढीत ठेवायला पैसा लागतो. ज्याच्याजवळ दोन हातांखेरीज काही नाही, त्याच्यासाठी या राज्यात सहकार फारसा उभा राहिला नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेलं ‘लिज्जत’ हा मोठा अपवाद. तिथे पापड लाटते तीच मालकीण. ‘स्वच्छ’ त्याच वाटेवरची संस्था आहे, पण तिचं गणित अधिक अवघड आहे. पापड लाटणारीला निदान आपण केलेल्या मालावर हक्क सांगता येतो. कचरा तर टाकणाऱ्याचा. आणि पालिकेच्या कुंडीत पडला की पालिकेचा. मग या बायकांची मालकी कशावर?

हा प्रश्न त्यांच्यापुढे १९९० च्या सुमारास उभा राहिला. पुण्याच्या वस्त्यांमध्ये तेव्हा कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या, आणि त्यातल्या बहुतेक दलित, भूमिहीन घरांतल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर कोरड्या मुलखांतून शहरात आलेली कितीतरी कुटुंबं त्यांत होती. या कामाला भांडवल लागत नव्हतं, कुणाची ओळख लागत नव्हती आणि डोक्यावर मुकादम नव्हता. धुण्याभांड्याच्या कामापेक्षा हे बरं, इथे कुणाची बोलणी खावी लागत नाहीत, असं यातल्या अनेक जणी सांगत. बोलणी मात्र वेगळ्या तोंडांची खावी लागत होती. पहाटे अंधारात कुंड्यांत वाकलेली बाई दिसली की पोलीस संशय घेत, रहिवासी हाकलून लावत, कुत्री मागे लागत.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाने याच सुमारास वस्त्यांत साक्षरतेचं काम सुरू केलं होतं. मुली वर्गाला येईनात, कारण त्या आयांबरोबर कचरा वेचायला जात. म्हणून शिकवणाऱ्याच त्यांच्या मागोमाग कुंड्यांपर्यंत गेल्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली पुढे कायमची जोडली गेलेली नावं. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती: सुका माल ओल्यात कालवण्याआधीच घरातून मिळाला तर कागद कोरडा राहतो, भाव चांगला येतो, वेळ कमी लागतो आणि हात उष्ट्या-खरकट्यात बुडत नाहीत. विद्यापीठाने ओळखपत्रं दिली, काही सोसायट्यांनी दार उघडलं, बायकांची कमाई वाढली. आणि कमाई दिसताच एक व्यावसायिक आपली गाडी घेऊन त्याच दारांवर हजर झाला.

पुढे जे घडलं त्यावरच ही सगळी इमारत उभी आहे. बायका एकत्र जमल्या, गाडी अडवली, आणि हा कचरा वर्षानुवर्षं आम्ही वेचत आलो आहोत, यावर पहिला हक्क आमचा, असं त्यांनी उघड सांगितलं. ‘हमाल पंचायत’ ही हमालांची संघटना बांधलेल्या डॉ. बाबा आढावांना ही भाषा परकी नव्हती. १९९३ च्या मे महिन्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ जन्माला आली. मोर्चे, धरणी, निवेदनं आणि चर्चा, हा हमाल पंचायतीचा शिरस्ता इथेही आला. नव्वदीच्या मध्यावर पुणे महापालिकेने या नव्या पंचायतीच्या ओळखपत्रांवर आपली मोहोर उमटवली. पालिकेने कचरावेचकाला कामगार म्हणून मान्य केल्याचं हे देशातलं फार लवकरचं उदाहरण.

पंचायतीने एक गोष्ट फार हुशारीने केली, ती म्हणजे हिशेब मांडला. या बायका रोज जो माल उचलतात तो पालिकेला वाहून न्यावा लागत नाही. तेवढं डिझेल, तेवढ्या खेपा, तेवढी डेपोवरची जागा वाचते. २००१ च्या एका अभ्यासात असं निघालं की एकेक कचरावेचक दर महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम पालिकेला फुकट करून देते. दयेची भाषा त्या दिवसापासून मागे पडली. आमचं तुमच्याकडे येणं निघतं, असं म्हणता यायला लागलं, आणि त्याच जोरावर पुढे पालिकेकडून आरोग्य विम्याचा हप्ता भरून घेता आला.

संकट आलं ते चांगल्या कायद्याच्या रूपाने. २००० च्या घनकचरा नियमांनी शहरांना घरोघरचा कचरा गोळा करणं बंधनकारक केलं. शहराच्या दृष्टीने हे उत्तमच. पण कुंडी उठली की कुंडीवर जगणाऱ्यांनी जायचं कुठे? बहुतेक शहरांत उत्तर ठरलेलं होतं: निविदा, ठेकेदार, घंटागाडी. पुण्यात पंचायतीने वेगळा प्रस्ताव मांडला, की हे काम आम्हालाच द्या. काही वर्षं प्रायोगिक काम करून दाखवलं. मग २००७ साली ‘स्वच्छ’ची सहकारी संस्था म्हणून नोंदणी झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. देखरेख, समन्वय आणि साधनांचा खर्च पालिकेने उचलायचा. पगार मात्र पालिकेने द्यायचा नाही. प्रत्येक घराने ठरलेली मासिक फी थेट काम करणाऱ्या बाईच्या हातात द्यायची, आणि सुक्यातून निघालेलं भंगार तिचं.

शेवटच्या तीन शब्दांत संस्थेचा जीव आहे. ठेकेदारीत वजनावर पैसे मिळतात, म्हणून कचरा जितका जास्त डेपोवर जाईल तितका ठेकेदाराचा फायदा. इथे उलट आहे. डेपोकडे जाणाऱ्या गाडीत जे जाईल ते बाईचं नुकसान, म्हणून ती जीव लावून निवडते.

हे निवडणं जवळून पाहण्यासारखं आहे. पाण्याच्या बाटलीचं झाकण एका पोत्यात जातं, बाटली दुसऱ्यात, कारण दोन्हींचं प्लास्टिक वेगळं आणि भावही वेगळा. दुधाची पिशवी स्वतंत्र. पांढरा कागद, रद्दी आणि पुठ्ठा यांची तीन वेगळी पोती. पुठ्ठा भिजला तर दुकानदार वजनात कापतो. धातूत लोखंड, पत्रा, तांबं, पितळ आणि ‘जर्मन’, म्हणजे ॲल्युमिनियम. अख्खी काचेची बाटली नगावर विकली जाते, फुटली की किलोवर, आणि वर हात कापते ते वेगळंच. प्लास्टिक कुठलं आहे हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं: एक चुरगळलं की कडकड वाजतं, दुसरं मुकाट दबतं. ज्याच्यावर कुठला छापही नाही असा डबा हातात घेऊन यातली अनुभवी बाई तो कुठे टाकायचा हे क्षणात सांगते. चिप्सची, बिस्किटांची चकचकीत वेष्टनं मात्र तिच्या फारशी कामाची नाहीत, कारण ती घ्यायला भंगारवाला सहसा तयार नसतो. आपण दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून तो इवलासा तुकडा वेगळा टाकतो, तोही तिच्या हाती लागत नाही. कोपरा पिशवीला तसाच लटकता ठेवा, एवढंच तिचं मागणं असतं.

या कामातली सगळ्यात अपमानाची गोष्ट म्हणजे वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर. सुक्या कचऱ्यात, कागदातसुद्धा न गुंडाळता टाकलेले. निवडताना ते उघड्या हाताला लागतात, आणि दुसऱ्याच्या रक्ताला हात लावायचा हा कमीपणा कुठल्याही हातमोज्याने पुसला जात नाही. २०१३ साली या बायकांनी असे वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे थेट पाठवून दिले. तुमचा माल आहे, विल्हेवाटीची जबाबदारी तुम्हीही घ्या, हा त्यामागचा रोखठोक संदेश. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर ते गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. पुण्यात ‘लाल ठिपका’ मोहीम चालली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणारीला आत काय आहे ते कळेल. जुन्या वर्तमानपत्रांच्या त्यासाठीच्या पिशव्याही कचरावेचक बायकांनीच बनवल्या. हे सगळं करून आजही कितीतरी घरांतून पॅड तसाच उघडा येतो. याला शिकल्या-सवरल्या घरांकडे कुठलंच कारण नाही, असं मला वाटतं.

मालकीने वस्तीत काय बदललं? पैसा वस्तीतच राहायला लागला, हे पहिलं. पंचायतीची स्वतःची पतसंस्था आहे. सावकाराच्या दराने कर्ज काढून लग्न, दवाखाना, पावसाळ्याआधीचे पत्रे भागवणाऱ्या बायकांना तिथून रास्त व्याजाने पैसे मिळतात. पंचायतीने भंगाराची दुकानंही चालवली. वजनकाट्यात मारली जाणारी पावली बंद झाली आणि दुकानाचा नफा सभासदांकडे परत आला. पोरं वेचायला न नेता शाळेत घालायची, यावर संघटनेने धरलेला जोर आणि मिळवून दिलेल्या शिष्यवृत्त्या यांतून एक पिढी या कामातून बाहेर पडली. आणि फी मागायला दारात उभं राहणारी, वॉर्ड ऑफिसात खुर्चीवर बसून बोलणारी बाई, ही वस्तीने आधी न पाहिलेली गोष्ट.

पण हे चित्र गुलाबी करण्यात अर्थ नाही. या मालकिणीला पगारी सुटी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. महिनाअखेरीला फी टाळणारी घरं जवळपास प्रत्येक इमारतीत असतात. भंगाराचा भाव तिच्या हातात नाही: जगात खनिज तेल उतरलं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि जुन्याचा भाव पडतो. २०२० च्या टाळेबंदीत ती रोज कामावर होती, कारण काम अत्यावश्यक. भंगाराची दुकानं मात्र बंद, त्यामुळे निवडलेला माल पोत्यांत पडून राहिला आणि घर फीवरच चालवावं लागलं. पालिकेला ही व्यवस्था अतिशय स्वस्तात पडते. तो स्वस्तपणा काही अंशी या बायकांच्या पाठीवर तोललेला आहे, हे शहराने मान्य केलं पाहिजे.

आणि सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे करार. संस्थेकडे कारखाना नाही, जमीन नाही, यंत्रं नाहीत. तिची खरी मालमत्ता म्हणजे शहराच्या दारांवर जाण्याचा हक्क, आणि तो कागदावर पाच वर्षांचाच असतो. पहिला करार २०१३ ला संपला, पुढचा व्हायला २०१६ उजाडलं. तोही २०२० च्या अखेरीला संपला तेव्हा तात्पुरत्या मुदतवाढींचा खेळ सुरू झाला आणि हे काम खासगी ठेकेदारांना द्यावं अशी चर्चा पालिकेत मूळ धरू लागली. बायका पुन्हा रस्त्यावर उतरल्या. या वेळी त्यांच्या बाजूने सोसायट्यांमधले रहिवासीही पत्रं लिहायला बसले. रोज दार वाजवणाऱ्या माणसाची ओळख असते, ती ठेकेदाराच्या गाडीची होत नाही.

शहराची हद्दही याच काळात वाढली: २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुण्यात आली. तिथे बिल्डरांच्या उंच इमारती झपाट्याने वाढल्या आहेत आणि त्यांच्या तळमजल्याला कचरा साठतो आहे. इकडे जुन्या शहरात घरोघर जाणाऱ्या बायकांपैकी अनेक जणी आता पन्नाशीच्या पुढे आहेत. चौथ्या मजल्यावरून भरलेली बादली घेऊन जिना उतरणं त्यांना जड जातं, आणि काही सोसायट्यांत त्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत. या नव्या गावांतलं काम कुणाला द्यायचं, सभासद कचरावेचकांना की गाडी घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला, याचा निर्णय महापालिकेच्या हातात आहे. त्यावर बोलण्याची पहिली संधी मात्र कचरा टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनाही आहे, कारण कुठल्याही सोसायटीला आपल्या फाटकातून आत कोण येणार हे लेखी कळवता येतं.