घाटमाथ्यावरची वल्ही

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही सागरी कयाकिंगसारख्या क्रीडाप्रकाराचा विचार करताना या जिल्ह्याकडे पाहण्याचे सबळ कारण त्याच्या भूगोलातच आहे. त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांच्या आसपास जन्मते आणि तरीही पूर्वेकडे वळून सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते, तर त्याच डोंगराळ भागात उगम पावणारी वैतरणा घाट उतरून पश्चिमेला जाते आणि अर्नाळ्याच्या परिसरात खाडीच्या रूपाने अरबी समुद्रात शिरते. जिल्ह्याचा पश्चिम भाग मुसळधार पावसाचा आहे, पूर्व भाग पर्जन्यछायेचा. इगतपुरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असताना चांदवड आणि येवला या तालुक्यांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. पश्चिमेकडचे हे पाणी साठवण्यासाठी येथे धरणांची मालिका उभी राहिली. १९१६ मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण, स्वातंत्र्योत्तर काळातील गंगापूरचे मातीचे धरण, मुकणे, भावली आणि ऊर्ध्व वैतरणा ही त्यांतील काही नावे. शेतीसाठी व पिण्यासाठी अडवलेल्या या पाण्याने नकळत आणखी एक गोष्ट घडवली आहे: पावसाळा सरल्यानंतर कित्येक महिने स्थिर राहणारे विस्तीर्ण जलाशय, म्हणजेच वल्हवण्याचे प्राथमिक शिक्षण घेण्यासाठी हवी तशी जागा.

वल्हवण्याच्या ज्या दोन परंपरा आधुनिक क्रीडाजगतात रूढ आहेत, त्यांतील भेद आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण सामान्य बोलण्यात दोन्हींना ‘बोटिंग’ असेच म्हटले जाते. पहिली परंपरा रोइंगची. तीत वल्हे नौकेच्या कडेला बसवलेल्या आधारात अडकवलेले असते, खेळाडू प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून सरकत्या आसनावर बसतो आणि पायांचा जोर पाठीतून हातांकडे नेत नौका ओढतो. एकट्याने दोन वल्ही चालवण्याच्या प्रकाराला सिंगल स्कल्स म्हणतात आणि ऑलिंपिकमधील त्याचे अंतर २,००० मीटर असते. दुसरी परंपरा कयाक आणि कनू यांची. तीत वल्हे कोठेही अडकवलेले नसते, ते केवळ हातांत असते, आणि खेळाडूचे तोंड पुढे असते. कयाकमध्ये तो पाय लांब करून बसतो व दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला चालवतो. कनूमध्ये एकच पाते असते आणि शर्यतीचा खेळाडू एका गुडघ्यावर टेकलेला असतो. पुढे काय येत आहे हे दिसणे ही समुद्रावर चैन नसून गरज असते, त्यामुळे लाटा, खडक आणि मासेमारीची जाळी यांतून वाट काढायची असेल तेव्हा कयाकच उपयोगी ठरते.

रोइंगच्या परंपरेत नाशिकचे नाव आधीच कोरले गेले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या अवर्षणप्रवण गावातील दत्तू भोकनळ हे २०१२ मध्ये सैन्यात दाखल झाले, पुण्यात खडकी-दापोडीच्या लष्करी परिसरात त्यांनी प्रथमच वल्हे हाती धरले, आणि अवघ्या चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, ते भारताचे एकमेव रोइंगपटू म्हणून उतरले. तेथे त्यांनी ‘क’ अंतिम फेरी ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकून एकूण तेरावा क्रमांक मिळवला. सिंगल स्कल्समध्ये तोवर कोणत्याही भारतीयाने ऑलिंपिकमध्ये इतकी वरची जागा मिळवलेली नव्हती. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या स्कल्स प्रकारात त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. या कारकिर्दीचा अर्थ नीट लावला पाहिजे. विहिरी आटणाऱ्या गावातील तरुणाने पाण्यावर पराक्रम केला, यातील विरोधाभासाचे कौतुक वृत्तपत्रांनी पुष्कळ केले. परंतु त्या पराक्रमामागचे खरे कारण विरोधाभासात नसून संस्थेत आहे. उंची, दमसास आणि चिकाटी त्यांच्यापाशी होतीच, मात्र नौका, सरळ पाण्याचा पट्टा, रोजचा सराव घेणारा प्रशिक्षक आणि पडल्यावर उचलणारे सहकारी ही चौकट लष्कराने दिली. नागरी जीवनात ही चौकट देऊ शकणारी एकमेव गोष्ट म्हणजे स्थानिक क्लब.

महाराष्ट्रात अशा क्लबांचा इतिहास नवा नाही. पुण्यातील रॉयल कॅनॉट बोट क्लबची स्थापना १८६८ ची आहे, आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुठेच्या पाण्यावर १९२८ पासून ‘रेगाटा’ हा वार्षिक नौकाक्रीडा महोत्सव साजरा करत आला आहे; त्यात विद्यार्थी कयाक, स्कल आणि सपाट तळाचे पंट यांची संचलने सादर करतात. नाशिकमध्येही गंगापूर रस्त्यावरील केटीएचएम महाविद्यालयाचा बोट क्लब गोदावरीच्या पात्रात विद्यार्थ्यांना रोइंग शिकवतो, तर गंगापूर धरणाच्या काठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब पर्यटकांसाठी आहे. या दोहोंतील फरक मूलभूत स्वरूपाचा आहे. पर्यटकांच्या बोट क्लबमध्ये माणूस तिकीट काढून नौकेत बसतो आणि उतरतो. वल्हवणाऱ्यांच्या क्लबमध्ये तो नौका उचलणे, धुणे व दुरुस्त करणे, वाऱ्याचा अंदाज घेणे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला पाण्यातून बाहेर काढणे शिकतो.

सागरी कयाकचे मूळ उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात, ग्रीनलंड व कॅनडाच्या किनाऱ्यांवरील इन्युइट शिकाऱ्यांत आहे. वाहून आलेली लाकडे आणि हाडे यांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे आणि शिकाऱ्याच्या अंगातील कातडी झगा नौकेच्या तोंडाशी घट्ट बांधायचा, अशी ती रचना होती. माणूस आणि नौका मिळून एकच जलाभेद्य वस्तू तयार होत असे. त्या गोठणाऱ्या पाण्यात नौका सोडून पोहणे म्हणजे मृत्यू, म्हणून उलटलेली कयाक आत बसल्याबसल्याच वल्ह्याच्या आणि कमरेच्या झटक्याने पुन्हा सरळ करण्याचे तंत्र तेथे विकसित झाले. त्यालाच आज ‘रोल’ म्हणतात आणि १९२७ मध्ये ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा यांनी ते आत्मसात केल्यानंतर युरोपातील हौशी मंडळींत त्याचा प्रसार झाला. आजची सागरी कयाक फायबर किंवा प्लॅस्टिकची असली तरी तिची घडण तीच आहे: साधारण पाच ते साडेपाच मीटर लांब, ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद, दोन्ही टोके किंचित वर उचललेली. तिच्या पोटात आडव्या भिंती घालून पुढे व मागे हवाबंद कप्पे केलेले असतात, जेणेकरून बसण्याच्या जागेत पाणी शिरले तरी नौका तरंगत राहते आणि कप्प्यांत अन्न, पाणी, तंबू ठेवता येतो. बसण्याच्या तोंडावर ताणून बसवायचे जे झाकण कमरेभोवती घातले जाते, त्यास स्प्रे-स्कर्ट म्हणतात. मागच्या बाजूला पाण्यात खाली सोडता येणारे छोटे पाते असते. आडव्या वाऱ्यात नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळू लागते, त्यास ते आवर घालते.

वल्हवणे हे हातांचे काम आहे असा नवशिक्याचा समज असतो आणि म्हणूनच तासाभरात त्याचे खांदे भरून येतात. प्रत्यक्षात पाते पायाच्या बोटांजवळ पाण्यात रोवले जाते, त्याच बाजूचा पाय आतील टेकूवर दाबला जातो आणि कमरेपासून वरचे धड वळते. हात केवळ ही शक्ती वल्ह्यापर्यंत पोचवतात. याहून महत्त्वाचा धडा मात्र कोरड्या जमिनीवर सांगून समजत नाही. पहिल्याच दिवशी क्लबमध्ये शिकाऊ सभासदाला छातीइतक्या पाण्यात मुद्दाम उलटवले जाते, त्याने डोके खाली असताना स्प्रे-स्कर्टची पट्टी ओढून बाहेर यायचे असते आणि वल्हे व नौका न सोडता थांबायचे असते. त्यानंतर दुसरी कयाक त्याच्या उलटलेल्या कयाकशी काटकोनात येते, उलटलेल्या नौकेचे टोक आपल्या नौकेवर ओढून पाणी ओतून टाकते, मग दोन्ही नौका समांतर धरून त्याला पुन्हा आत चढवते. ही क्रिया दोघांनी अनेकदा केल्यावर काही मिनिटांत जमते, एकट्याने मात्र उघड्या समुद्रात ती अत्यंत अवघड असते, आणि सागरी कयाकिंग क्लबनेच करायची गोष्ट का आहे याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

धरणाचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत लाटांइतकाच महत्त्वाचा भेद वेळेचा आहे. जलाशयावर सकाळ आणि दुपार यांत फक्त वाऱ्याचा फरक पडतो. समुद्रावर पाणी स्वतःच दिवसातून दोनदा येते आणि जाते. कोकणातील कोळी समाजाने या गणिताची जी सोय करून ठेवली आहे ती आजही विश्वासार्ह आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या परिसरातील पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतील अंतर सर्वाधिक असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते सर्वांत कमी असते, त्याला भांग म्हणतात. सुमारे सहा तासांच्या चढउतारात मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी सरकते, त्यामुळे उधाणाच्या दिवशी खाडीच्या अरुंद मुखात त्या दोन तासांत निर्माण होणारा ओघ साध्या वल्हवणाऱ्याला हरवतो. वाऱ्याचेही असेच आहे. दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे लाटा उठवतात, पण निदान नौकेला किनाऱ्याकडे ढकलतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून वाहणारे मतलई वारे मात्र किनाऱ्याजवळचे पाणी गुळगुळीत ठेवतात आणि नौकेला हळूहळू बाहेर नेतात. शांत दिसणारे पाणीच अशा वेळी अधिक फसवे असते, ही गोष्ट नवशिक्यांना आवर्जून सांगितली पाहिजे.

या सर्व ज्ञानाचा कस लावणारे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. मुंबईचे कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे सुमारे ४०० किलोमीटरांचे अंतर कयाकने १७ दिवसांत पार केले आणि त्यानंतर २०१६-१७ च्या हिवाळ्यात गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा पश्चिम किनारा वल्हवला. या दुसऱ्या मोहिमेत शांजली शाही यांनी किनाऱ्यालगतच्या रस्त्याने सायकलवरून त्यांना साथ दिली. ज्या पश्चिम किनाऱ्याकडे शहरी समाज केवळ पर्यटनस्थळ म्हणून पाहतो, तो सलग जलमार्ग म्हणून पुन्हा डोळ्यांसमोर आणण्याचे श्रेय अशा मोहिमांना द्यावे लागते.

नाशिकपुरता प्रश्न उरतो तो पाण्याच्या प्रकृतीचा आणि व्यवस्थेचा. शहरातील गोदापात्रात सांडपाणी मिसळते, त्यावर पोसलेल्या पाणवेली उन्हाळ्याच्या तोंडी पात्र झाकून टाकतात, आणि ज्या पट्ट्यात विद्यार्थ्यांनी सराव करायचा त्यात वल्हे रुतते. पाणवेली काढण्याची कंत्राटे दरवर्षी निघतात, पण सांडपाणी थांबल्याशिवाय त्या परत येणारच. दुसरी बाब धोक्याची. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की शहरातील पातळी झपाट्याने वाढते, आणि गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून नाशिककर पुराची तीव्रता मोजतात. अशा दिवसांत नदीवर कोणीही उतरू नये हे सर्वांना कळते. त्यामानाने पात्रातील बंधाऱ्यांचा धोका कमी लोकांना ठाऊक असतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि तेथे सापडलेली वस्तू पुन्हापुन्हा भिंतीकडे ओढली जाते, म्हणून पाणी कमी दिसत असले तरी बंधाऱ्याच्या वरच्या व खालच्या अंगाला ठरावीक अंतर सोडूनच सराव व्हायला हवा. गंगापूर हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार असल्याने तेथे इंधनावर चालणाऱ्या नौकांपेक्षा वल्ह्यांच्या नौकांना प्राधान्य मिळणे सर्व दृष्टींनी योग्य आहे. कयाक तेल सांडत नाही आणि जलाशयावर उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांना तिचा त्रासही तुलनेने कमी होतो. सार्वजनिक पैशातून आधी नौका खरेदी करायच्या आणि प्रशिक्षकांचा विचार नंतर करायचा, हा क्रम मात्र उलटा करणे आवश्यक आहे, कारण जीवरक्षणाचे शिक्षण घेतलेले चार जण जुन्या दहा कयाकांवर जे उभे करतील ते नव्या पन्नास कयाकांना शिक्षकाविना जमणार नाही.

अशा क्लबचा अभ्यासक्रम नाशिकच्या ऋतुमानातच दडलेला आहे. ऑक्टोबरमध्ये जलाशय काठोकाठ असतात आणि वारा मंद असतो, तेव्हा उलटणे, बाहेर येणे आणि एकमेकांना वाचवणे यांचा सराव सकाळच्या पाण्यात होऊ शकतो; नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गंगापूर किंवा वैतरणेच्या मोकळ्या विस्तारावर दुपारच्या वाऱ्यात, छोट्या पण अखंड लाटांत, नौका सरळ ठेवण्याचे शिक्षण देता येते. त्यानंतर पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे जाण्यास हरकत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि खवळलेल्या समुद्रावर हौशी वल्हवणाऱ्यांनाही स्थान नसते, त्यामुळे खाडीची पहिली सहल जानेवारी-फेब्रुवारीतच, अष्टमीच्या मागेपुढे भांगाच्या दिवशी ठेवलेली बरी. स्थानिक कोळ्यांना विचारून भरतीसोबत खाडीत आत जायचे आणि ओहोटी सुरू झाल्यावर तिच्यासोबत परतायचे, मात्र खाडीच्या मुखापर्यंत न जाता अलीकडेच किनाऱ्याला लागायचे, कारण बाहेर पडणारी ओहोटी आणि समोरून येणारा खारा वारा जेथे भिडतात तेथे लाटा अचानक उभ्या होतात. तेवढे अंतर ओलांडण्याचा विचार दुसऱ्या हिवाळ्यात, सर्व सभासदांना परस्परांची सुटका डोळे मिटून करता येऊ लागल्यावर करावा.